भाच्याला डाक सेवकाची नोकरी लागली आहे. पाठवावं का?

सिडकोची मावशी
नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलाचं ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीत नाव लागलं. २०२५ च्या या भरतीत देशभरात २१,४१३ जागा होत्या, त्यातल्या कुठल्यातरी मागच्या यादीत. परीक्षा नाही, मुलाखत नाही, फक्त दहावीचे मार्क. पोराला ९४ टक्के होते, ते आत्ता सहा वर्षांनी कामाला आले. पद एबीपीएम, म्हणजे सहायक शाखा डाकपाल. गाव सुरगाणा तालुक्यात, पार गुजरातच्या हद्दीकडे. बहीण राहते नाशिकला, सातपूरमध्ये. दाजींनी "सेंट्रल गव्हर्मेंट" म्हणून अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

काल शेजारचे काका म्हणाले, अहो, त्यात पगार नसतो, भत्ता असतो, आणि ती माणसं सारखी संपावर असतात. भाच्यानं रात्रभर यूट्यूबवर २०२३ च्या संपाचे व्हिडिओ पाहिले आणि सकाळी तोंड पाडून बसला.

माझे प्रश्न दोन. ही सरकारी नोकरी आहे की नाही? आणि रुजू झाल्यावर महिन्याभरात संप झाला तर नव्या पोरानं काय करायचं, बसायचं की कामावर जायचं? पंधरा दिवसांत हजर व्हायचं आहे. माहितगारांनीच सांगा, प्लीज.

शंकासुर
पेढे कुठले होते त्यावर अवलंबून आहे.

सायकलस्वार
मावशी, मी शहरातला पोस्टमन, खात्याचा पक्का नोकर. शेजारचे काका अर्धे बरोबर आहेत. डाक सेवकाला मिळतो तो टीआरसीए. साध्या भाषेत, जितक्या तासांचं काम तितका भत्ता. एबीपीएमला चार तासांच्या कामाला १०,००० आणि पाच तासांच्याला १२,०००. शाखा डाकपालाला, म्हणजे बीपीएमला, १२,००० आणि १४,५००. हे आकडे जुलै २०१८ पासूनचे. त्यावर आमच्याइतकाच महागाई भत्ता, जुलै २०२५ पासून ५८ टक्के. म्हणजे भाच्याच्या हातात सुरुवातीला पंधरा हजार आठशेच्या आसपास. दरवर्षी ३ टक्के वाढ.

माझ्या पदाची सुरुवात २१,७०० पासून, वर महागाई भत्ता, घरभाडं वगैरे. काम काय वेगळं? तोही टपाल वाटतो, मीही वाटतो. तो उलट मनीऑर्डर, आरडी, विमा, मशीनवर अंगठा लावून खात्यातले पैसे काढून देणं, सगळंच बघतो.

हेवा वाटू नये म्हणून सांगतो. मला महिन्याला सायकल भत्ता मिळतो १८० रुपये. आधी ९० होता. सातव्या वेतन आयोगानं तो बंदच करा म्हटलं होतं, २०१७ मध्ये सरकारनं ठेवला आणि दुप्पट केला. दुप्पट! घरात दिवाळी साजरी झाली. मी फिरतो ॲक्टिव्हावर, पेट्रोल माझं.

द्राक्षवाला
मी दिंडोरीकडचा. आमच्या चुलतभावाकडे गावचं पोस्ट आहे. सकाळी चार तास पोस्ट, मग बाग. खेड्यात सोळा-सतरा हजार महिना बांधलेला म्हणजे काय असतं ते शहरात बसून कळायचं नाही. द्राक्षाचा भाव पडला त्या वर्षी त्याच्या पोस्टाच्या पैशावर घर चाललं. चार तासांच्या कामाला आणखी काय पाहिजे? उगाच पोराला घाबरवू नका.

पिनकोडवाला
द्राक्षवाले, हा "चार तास" प्रकार मुळात तसाच ठरलेला आहे. इंग्रजांच्या काळात खेड्यात पोस्ट उघडायचं तर पूर्ण पगारी माणूस परवडेना, म्हणून गावचा शाळामास्तर नाहीतर दुकानदार पकडायचा आणि त्याला थोडा भत्ता द्यायचा. त्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर हे गृहीतच. तेव्हा त्यांना एक्स्ट्रा डिपार्टमेंटल म्हणायचे, "ईडी". पुढे नाव ग्रामीण डाक सेवक झालं. पण गृहीत धरलेला दुसरा धंदा कायम राहिला. आजही नियम असा की उपजीविकेचं दुसरं साधन हवं.

आता सांगा, सातपूरच्या पोराचं सुरगाण्यात दुसरं साधन काय? तिथे ना त्याची शेती, ना दुकान. तुमच्या भावाचं चालतं कारण बाग आहे. भरती दहावीच्या मार्कांवर झाल्यापासून गावचा माणूस गावात लागतच नाही.

शंकासुर
"ईडी" चं नाव बदललं ते बरं केलं. "आमचा मुलगा ईडीत आहे" म्हटल्यावर आजकाल पाहुणे पळून जातील.

ओटीवरचं पोस्ट
मी बीपीएम आहे. कळवण भागात, गाव सांगत नाही. सतरा वर्षं झाली. द्राक्षवाले दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही पण पूर्ण पण नाही.

कागदावर पाच तास. बॅग येते एसटीनं, एसटीचा टाइम माझ्या हातात नाही. ती आली की उघडायची, नोंदी करायच्या, शिक्के, वाटप लावून द्यायचं. दोन वर्षं सहायकाची जागा रिकामी होती, तेव्हा वाटप पण मीच केलं. दुपारी ऑफिस बंद म्हणून कुलूप लावलं तरी पोस्ट माझ्याच घराच्या ओटीवर आहे, कुलूप कशाला लावू? जागा बीपीएमनंच द्यायची असते. रात्री आठला म्हातारी काठी टेकत येते, "बाई, माझे पैसे आले का गं बघ." तिला काय सांगू, माझे पाच तास भरले?

आमच्याकडे अंगठा लागत नाही. नेट नाही म्हणून मशीन घेऊन देवळामागच्या टेकाडावर जायचं, म्हाताऱ्या माणसांना वर चढवायचं. लाडक्या बहिणीची खाती उघडायची तेव्हा तर मी त्या टेकाडावर चूल मांडायची बाकी होती.

वर टार्गेट. महिन्याला इतकी खाती, इतका विमा. मेळावा आहे, आज इतके फॉर्म पाहिजेत. ज्या गावात लोक दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन दिंडोरी-निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, तिथे मी विमा कुणाचा काढू? शेवटी घरच्यांचे, भावाचे, दिराचे काढते. हप्ते मीच भरते. हे सगळ्या बीपीएमना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

सुट्टी वर्षाला वीस दिवस, सहामाहीला दहा. नाही घेतली तर गेली. आणि घेतली तर बदली माणूस आपणच शोधून द्यायचा, त्यानं गोंधळ घातला तर निस्तरायचा पण आपणच.

पासष्टीपर्यंत नोकरी. त्यानंतर पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी जास्तीत जास्त दीड लाख.

चष्मिश
ताई, वाचून गप्प झालो. २०२३ च्या संपात तुम्ही होतात का?

ओटीवरचं पोस्ट
होते. नाशिकला येऊन धरणं धरलं बाकीच्या बायकांबरोबर. १२ डिसेंबरला सुरू झाला, आठवड्याच्या आत संपला.

दुसऱ्या दिवशी एक आजी घरी आली होती पाचशे रुपये काढायला, नातवाला दवाखान्यात न्यायचं होतं. मशीन बंद ठेवलेलं. मी माझ्या पाकिटातले दिले, नंतर तिनं आणून दिले. तो संप मोडला की नाही मोडला, ते तुम्ही ठरवा.

करदाता
भावना वगैरे ठीक आहे. पण टपाल खातं वर्षानुवर्षं तोट्यात चालतं, तो तोटा भरतो कोण? पत्रं कोण लिहितं आता? काम कमी झालं, माणसं तीच, आणि वर आठ तासांचं काम आणि पेन्शनची मागणी. २०१८ च्या संपात माझा पासपोर्ट आमच्या सिन्नरकडच्या गावी अडकला होता. पुस्तिका छापली नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पासपोर्ट कार्यालयातून माझी माहिती छापून स्पीडपोस्टनं नाशिकपर्यंत परत आली, आणि शेवटच्या तीस किलोमीटरला संप. व्हिसाची तारीख गेली. माझं नुकसान कोण देणार?

डिलिव्हरीभाऊ
करदाता साहेब, तुमचं पार्सल मीच देतो बहुतेक. मी अंबड-पाथर्डी फाटा पट्ट्यात ॲपवर काम करतो. दिवसाला दहा-अकरा तास गाडीवर. पेट्रोल माझं, गाडी माझी, पडलो तर पाय पण माझा. महागाई भत्ता हा शब्द मी या धाग्यावर पहिल्यांदा वाचला. संप करायचा तर ॲप बंद करून घरी बसायचं, कंपनीला कळत पण नाही, दुसरा पोरगा लॉगिन होतो.

म्हणून सांगतो, मावशी, पाठवा. वीस दिवस सुट्टी मिळते म्हणून रडणारे लोक मला भाग्यवान वाटतात. राग नका मानू ताई.

ओटीवरचं पोस्ट
राग नाही भाऊ. तुमचं पण खरं आहे. पण तुम्हाला मिळत नाही म्हणून मला मिळतं ते पुष्कळ आहे, असं नाही होत.

जुना सॉर्टर
उशिरा आलो, चष्मा सापडत नव्हता.

आयुष्य आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत गेलं, मनमाड-भुसावळ बाजूला. धावत्या गाडीत उभ्यानं पत्रं खणांत टाकायची. डोळे मिटून निफाड, लासलगाव, नांदगाव लागायचं हाताला. वडीलही खात्यात. १९ सप्टेंबर १९६८ ला केंद्रीय कर्मचाऱ्यांचा एका दिवसाचा लाक्षणिक संप झाला, गरजेवर आधारित किमान वेतन ही मागणी. एका दिवसाच्या संपासाठी वटहुकूम निघाला, देशभर अटका झाल्या, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. वडिलांची वाचली पण पुढे कितीतरी वर्षं घरात "संप" हा शब्द आई हळू आवाजात उच्चारायची.

त्याआधी १९६० चा जुलैतला. आणि त्याच्याही आधी सगळ्यांत मोठा, ११ जुलै १९४६ ला पोस्टमन आणि खालच्या श्रेणीच्या नोकरांनी सुरू केलेला. स्वातंत्र्याच्या वर्षभर आधी. कोलकात्यात त्यांच्या पाठिंब्याला २९ जुलैला अख्खं शहर बंद होतं. म्हणजे पोस्टमनसाठी ट्राम थांबली, गिरण्या थांबल्या. आज पोस्टमनच्या संपासाठी एखादा रिक्षा थांबवेल का?

करदाता, तोट्याचं म्हणाल तर पन्नास पैशांचं पोस्टकार्ड सुरगाण्याच्या पाड्यावर नेऊन द्यायचं आणि त्यात नफा काढायचा, हे गणित मला चाळीस वर्षांच्या नोकरीत सुटलं नाही. तुम्हाला सुटलं तर कळवा. पासपोर्टचं मात्र वाईट झालं. संपात मार खातो तो नेहमी शेवटच्या तीस किलोमीटरवरचाच माणूस, हे मान्य.

प्रेसवाल्याचा नातू
नाशिकरोडच्या प्रेसचा विषय निघालाच आहे म्हणून. आजोबा इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. १९२५ पासूनचा कारखाना, देशाची टपाल तिकिटं इथे छापली जातात. २००६ मध्ये महामंडळ झालं तेव्हा घरोघरी हीच चर्चा, की आता आपण सरकारी की बिनसरकारी. तरी तिकीट छापणारा पूर्णवेळ नोकर राहिला. तेच तिकीट लावलेलं पाकीट डोंगरात नेऊन देणारा अर्धवेळ. एकाच जिल्ह्यात दोन टोकं.

मिसळ_तर्री
अवांतर: डाक सेवक का? टपाल सेवक का नाही? मराठीत टपाल असताना ही डाक आमच्यावर कुणी लादली?

शंकासुर
"सेवक" वर हरकत नाही, "डाक" वर आहे, धन्य आहे. सेवक म्हटलं की पगार मागणं हेच मुळी उद्धटपणाचं होतं. कोणी सेवेचे पैसे मागतं का?

सायकलस्वार
मिसळ_तर्री, भांडण करायचंच तर अभिमानाचं करा. पिनकोड आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं, १५ ऑगस्ट १९७२ ला. संस्कृतचे मोठे पंडित. आता मूळ मुद्द्यावर या.

अर्धा वकील
मूळ मुद्दा. सरकारी आहे का? १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजम्मा खटल्यात सांगितलं की हे ईडी कर्मचारी नागरी पद धारण करतात, चौकशीशिवाय काढता येणार नाही. म्हणजे काढून टाकण्यापुरते सरकारी. पगार-पेन्शनला मात्र नियमित सेवेच्या बाहेर. इतर केंद्रीय नोकरांना वेतन आयोग, यांच्यासाठी वेगळी समिती. मागची कमलेश चंद्र समिती, अहवाल नोव्हेंबर २०१६ ला आला. मग दीड वर्ष धूळ. २२ मे २०१८ ला संप सुरू झाला आणि ६ जूनला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. तारखा शेजारी शेजारी ठेवा आणि संप कशासाठी करतात ते समजून घ्या.

संपाबद्दल: टपाल ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक उपयोगी सेवा होती (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली), चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे "अचानक संप" ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. नोटीस असते, आपण वाचत नाही.

शंकासुर
नोटीस पोस्टानं पाठवली असणार. संप मिटल्यावर मिळाली.

चष्मिश
२०२३ च्या संपातून मिळालं काय, तेही लिहा कुणीतरी.

पिनकोडवाला
मार्च २०२४ मध्ये वाढीव लाभाची योजना आली, २.५६ लाख डाक सेवकांसाठी. १२ वर्षं झाली की वर्षाला ४,३२० जास्त, २४ वर्षांनी ५,५२०, ३६ वर्षांनी ७,२००. समितीनं बारा-चोवीस-छत्तीसची शिफारस केलीच होती, ती सात वर्षांनी या रूपात उतरली. आठ तासांचं काम आणि पेन्शन या मागण्या जिथल्या तिथे.

मिसळ_तर्री
४,३२० भागिले बारा, महिना ३६०. म्हणजे बारा वर्षं डोंगर चढल्यावर दोघांची मिसळ, ताक, आणि उरलेल्यात एक्स्ट्रा पाव दोन वेळा. बिल माझ्याकडून, ताई.

करदाता
याच कारणानं म्हणतो की संपानं काही होत नाही. ३६० रुपयांसाठी लोकांना वेठीला धरलं.

अर्धा वकील
तुमचंच वाक्य उलटं वाचा. साडेतीनशे रुपये द्यायलासुद्धा संप व्हावा लागला. बाकी संघटनांचीही ताकद उरली नाही. एप्रिल २०२३ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांच्या जुन्या महासंघाची आणि त्यातल्या मोठ्या संघटनेची मान्यता सरकारनं देणग्यांच्या कारणावरून काढून घेतली. शिवाय डाक सेवकांच्या संघटना वेगळ्या, पक्क्या नोकरांच्या वेगळ्या. सायकलस्वार, खरं सांगा, २०२३ ला तुम्ही डाक सेवकांसाठी एक दिवस तरी बसलात?

सायकलस्वार
नाही बसलो. १० ऑगस्ट २०२२ ला आमचा एक दिवसाचा संप होता खासगीकरणाच्या विरोधात, तेव्हा बसलो होतो, एक दिवसाचा पगार गेला. २०२३ ला नोटीस त्यांची होती. मी रोजच्यासारखा बीटवर, म्हणजे माझ्या वाटपाच्या भागात गेलो. त्या आठवड्यात खेड्यांच्या बॅगा कोपऱ्यात साचत होत्या आणि मी त्यांच्या बाजूनं निघून जात होतो. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

ओटीवरचं पोस्ट
आमच्याकडे एसटीचा संप होता ना, २०२१ च्या दिवाळीपासून पुढे एप्रिलपर्यंत, तेव्हा बॅग यायची वांधी झाली. मी नवऱ्याच्या गाडीवर जाऊन बॅग आणायचे. एसटीवाल्यांना शिव्या दिल्या तेव्हा, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांनी मी स्वतः धरण्याला जायला निघाले तर कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "बसा ताई, आता तुमची पाळी."

इंजिनिअर_होतो_आता_नाही
मी केली आहे ही नोकरी, पाच महिने. ९६ टक्के, डिप्लोमा, पेठ तालुका. पावसाळ्यात सावळ घाटात दरड आली की दोन-दोन दिवस घरी येता यायचं नाही. खोलीभाडं, गॅस, बाहेरचं जेवण, गाडीचं पेट्रोल जाऊन हातात चार हजार उरायचे. भाषा कळायची नाही, डांगी-कोकणी बोलतात. लोक फार चांगले, मी गेलो तर नागली भाकर खाऊ घालायचे. तरी सोडली. कारण संध्याकाळी पाचनंतर त्या खोलीत करायचं काय, हे मला कळलं नाही. पगाराचं सगळे विचारतात, या पाचनंतरचं कोणी विचारत नाही.

मावशी, भाच्याला आधी गाव बघून येऊ दे. ऑर्डर नंतर.

जुना सॉर्टर
लाख बोलला. आणि जायचं ठरलं तर खात्याच्या परीक्षांची पुस्तकं बरोबर घेऊन जायचं. काही वर्षांनी एमटीएस (खात्यातलं खालच्या श्रेणीचं पक्कं पद), पोस्टमन होता येतं तिथून. कितीतरी जण त्याच वाटेनं वर आले.

सायकलस्वार
मीही त्याच वाटेनं आलो. सहा वर्षं ईडी होतो. म्हणूनच वरची कबुली जड गेली.

सिडकोची मावशी
सगळ्यांचे आभार. शनिवारी आम्ही तिघं, मी, बहीण आणि भाचा, जुन्या सीबीएस बसस्थानकावरून एसटीनं गेलो. वणीला चहा. गाव गाठायला साडेचार तास. पोस्ट म्हणजे एका घराची पडवी, लाल पाटी, लोखंडी पेटी, एक खुर्ची. तिथले बीपीएम आजोबा चौसष्ट वर्षांचे. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मी जातो, सहायक नाही मिळाला तर हे सगळं बंद पडेल." बहीण परत येताना एसटीत रडली. भाचा खिडकीतून बघत होता, बोलला नाही.

संपाचं मी त्या आजोबांनाच विचारलं. म्हणाले, "पहिल्या वर्षी विचार करू नको. गाव ओळखायला लागला की आपोआप कळतं बसायचं की नाही ते. मी २०१८ ला बसलो, २०२३ ला नाही बसलो, बायको दवाखान्यात होती."

दाजींची इच्छा आता नाही. भाचा मात्र जातो म्हणतोय.

डिलिव्हरीभाऊ
शाब्बास.

करदाता
माझं मत बदललेलं नाही. पण त्याला टॉर्च आणि चांगला रेनकोट घेऊन द्या. पावसाळ्याच्या आधी नाही, आत्ताच.

सिडकोची मावशी
अपडेट, धागा वर काढते. रुजू होऊन नऊ दिवस झाले. काल फोन आला, नेट टेकडीवरच येतं म्हणे, ताई म्हणाल्या तसंच. पहिल्या आठवड्यात वाटायला तीन स्पीडपोस्ट आले. एक दिलं. दोन घरांना कुलूप. शेजारी म्हणाले, ती माणसं दिंडोरीला गेलीत, द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घड विरळ करायला. परत कधी येतील कुणाला माहीत नाही. आता ते टपाल परत पाठवायचं का ठेवायचं, पोरगा मला विचारतोय. मला काय कळतं?

ओटीवरचं पोस्ट
त्याला सांगा, नियमात जितके दिवस ठेवता येतं तितके दिवस ठेव, आणि शेजाऱ्याकडून फोन नंबर घे.

द्राक्षवाला
मावशी, बाग कोणत्या शिवारात ते त्याला शेजाऱ्यांना विचारायला लावा आणि मला कळवा. सुरगाण्याच्या अकरा माणसांची टोळी आज सकाळपासून माझ्याकडेच आहे.